डब्यांना गोंद लावू नये

मी, भावना इश्वर गणवीर, वय पंचेचाळीस, शिक्षण बी.ए., धंदा रुखवत आणि शोभेचे डबे बनवणे, राहणार तुमसर, जिल्हा भंडारा, हे मृत्युपत्र राजीखुशीनं लिहून ठेवते. कुणी सांगितलं म्हणून नव्हे, कुणी सांगायच्या आत. माझी बुद्धी शाबूत असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. दाखला देण्याआधी त्यांनी मला आजचा वार विचारला. मी बरोबर सांगितला. शेजारच्या खुर्चीवर आई बसली होती. तिनंही सांगितला, माझ्यापेक्षा मोठ्या आवाजात, आणि तो चुकला. डॉक्टरांनी दोघींकडे पाहून मान डोलावली. माझ्या बुद्धीबद्दल इतकं लिहून पुरे करते.

वकीलसाहेबांनी एक छापील नमुना दिला होता आणि सांगितलं होतं, "ताई, मोकळ्या जागा भरा, बाकी काही लिहू नका." मी प्रयत्न केला. मोकळ्या जागा फार लहान होत्या. शेवटी ते म्हणाले, "लिहा तुम्हाला लिहायचं तसं. फक्त घर कुणाला ते स्पष्ट लिहा." ते सातव्या कलमात स्पष्ट लिहिलं आहे.

कलम १. मृत्युपत्र आत्ता करण्याचं कारण.

मला जन्मापासून सिकलसेल आहे, आईकडूनही आणि बाबांकडूनही आलेला. आमच्या भागात याचं कुणाला नवल वाटत नाही, बहुतेक घरांत कुणाचं ना कुणाचं कार्ड असतंच. विशीतच माझा खुबा गेला, म्हणून बसून करायचं काम शोधावं लागलं. आता फुफ्फुसांवरचा दाब वाढला आहे. नागपूरच्या डॉक्टरांनी चित्र काढून समजावलं. मी विचारलं, "किती दिवस?" ते म्हणाले, "तुम्ही शिकलेल्या आहात म्हणून स्पष्ट बोलतो. आम्हाला सांगता येत नाही." न शिकलेलीला त्यांनी काय सांगितलं असतं, हे विचारायचं राहून गेलं.

कलम २. माझी माणसं.

वडील इश्वर गणवीर चिखल्याच्या मॅंगनीज खाणीत जमिनीखालच्या कामावर होते. निवृत्तीनंतर त्यांनी तुमसरला घर बांधलं, आणि हयातीतच बक्षीसपत्र करून ते माझ्या नावे केलं, कारण माझं लग्न होणार नाही हे तोवर स्पष्ट झालं होतं. ते वारले. आई सुमनबाई हयात आहे. भाऊ धर्मेंद्र माझ्यापेक्षा लहान, आमगावजवळच्या शाळेत शिक्षक. त्याची पत्नी दामिनी. याशिवाय मला वारस नाही.

लग्नाबद्दल एवढंच लिहिते की बपेऱ्याचं एक स्थळ आलं होतं आणि मी पोह्यांच्या ताटलीशेजारी माझं सिकलसेलचं कार्ड ठेवलं. पाहुण्यांनी कार्ड वाचलं, पोहे खाल्ले आणि गेले. भैय्यालालकाका माझ्यावर खवळले.

"कार्ड कायले दाखवलंस? लग्न झाल्यावर दाखवाचं होतं!"

"तेव्हा काय फरक पडला असता, काका?"

"तेव्हा पोहे तरी वाया नसते गेले!"

काका गेले. त्यांना या मृत्युपत्रानं काही द्यायचं नाही, पण त्यांच्यावरचा राग मी इथं सोडून देते. पोहे खरोखरच चांगले झाले होते.

कलम ३. माझा धंदा, आणि त्यात माझं काय.

मी मिठाईच्या डब्यांपासून रुखवत बनवते. कोर्टात कधी हे वाचलं गेलंच तर समजावं म्हणून लिहिते. पुठ्ठ्याचा ताव यंत्रात डायखाली, म्हणजे पाती बसवलेल्या साच्याखाली, घातला की पात्यांनी त्याची बाहेरची कड कापली जाते आणि घडीच्या रेषा दाबल्या जातात. हाती येतो तो डबा नसतो. तो सपाट पुठ्ठा असतो, पण डबा कसा व्हायचं हे त्याला दाबून सांगितलेलं असतं. रेषांवर मोडत जायचं, पुठ्ठ्याचा कान खाचेत सरकवायचा, की डबा उभा राहतो. गोंद लागत नाही. हे वाक्य पुढच्या कलमांसाठी लक्षात ठेवावं.

असे डबे एकावर एक, उलटे, तिरपे बसवून मी विहार, बैलगाडी, झोपाळा, तुळशीवृंदावन, ज्यांचं जे असेल ते उभं करते. वरून जुन्या लग्नपत्रिकांचा सोनेरी कागद, लेस, आरसे. छपराला धानाचं तूस चिकटवते. फुलांच्या पाकळ्या कोसा रेशमाच्या रिकाम्या कोषांच्या कापते, त्या कागदापेक्षा जास्त जिवंत दिसतात. रस्ता दाखवायचा असला तर बाबांनी खाणीतून आणलेल्या काळ्या दगडाची पूड. मंडपात लोक रुखवत पाहायला वाकतात तेव्हा काही जण बोट लावून पाहतात, त्याचं मला कधी वाईट वाटलं नाही.

रुखवतावर एक पाटी लागते, 'अमुक हिने स्वहस्ते केलेले'. माझं अक्षर चांगलं असल्यामुळे ही पाटीही मीच लिहिते. हे खोटं मला झेपेना, म्हणून मी एक नियम केला. ऑर्डर देणाऱ्या प्रत्येक नवरीनं माझ्या घरी येऊन निदान एक डबा स्वतःच्या हातानं मोडून उभा करायचा. आंबागडची रुचिता आली होती, तिचा डबा तिरका झाला.

"ताई, माहा वाकडा झाला. तुम्ही करून द्या ना सरळ."

"वाकडाच राहू दे. पाटीवर तुझं नाव आहे. त्या एका डब्यापुरतं तरी ते खरं."

तिची आई दारातूनच म्हणाली, "लय कायद्याची बाई आहेस वो तू! पोरीचं लग्न आहे का परीक्षा?"

एका डब्यानं सगळं रुखवत खरं होतं का, हे मी रोजनिशीत पुष्कळदा स्वतःला विचारलं आहे. उत्तर आलं नाही. ऑर्डरी येत राहिल्या.

कलम ४. आई आणि डबे.

हे मृत्युपत्र खरं तर या कलमासाठी आहे.

आई सुरुवातीपासून माझ्यासोबत डबे मोडायची. दिवाळीच्या आधी बाजारातल्या मिठाईवाल्यांचे डबेही आम्ही दोघी उभे करून द्यायचो. पुठ्ठ्याकडे न पाहता, शेजारणीशी भांडता भांडता, तिचे हात चालायचे. बाबा गेल्यावर तिचं विसरणं सुरू झालं. आधी भाजीतलं मीठ, मग गॅस, मग नावं. धर्मेंद्रला ती 'सर' म्हणते, कारण तो चपला काढून कडेला नीट लावून ठेवतो. मला 'बाई' म्हणते. मी कामाची मालकीण आहे असं तिला वाटतं. हात मात्र काही विसरलेले नाहीत.

सपाट पुठ्ठ्यांची थप्पी समोर असली की ती शांत असते, जेवते, हसते. थप्पी संपली की उठते, पदर नीट करते आणि म्हणते, "झालं काम. घरी जातो आता." घर म्हणजे चिखल्याच्या कॉलनीतली खोली, जी आम्ही केव्हाच सोडली. म्हणून थप्पी संपता कामा नये. पण एवढे डबे कुणाला लागणार? शिवाय आता तिच्या डब्यांवर हळदीचे, तेलाचे डाग पडतात, मिठाईवाले ते घेत नाहीत. त्यामुळे ती आंघोळीला गेली किंवा दुपारी पडली की मी तिनं उभे केलेले डबे उलगडते, सपाट करते आणि परत थप्पीत लावते. उठल्यावर ती तेच डबे पुन्हा उभे करते.

हे फसवणं आहे का? आहे. थांबवता येईल का? नाही. यापुढं माझा विचार जात नाही.

एकदा तिनं एक पुठ्ठा हातात घेऊन त्याच्या घडीवर बराच वेळ अंगठा फिरवला.

"बाई, हा माल नवा नाही वो."

"काहून?"

"नरम लागून राहिला. याले कोणीतरी पहिलेच मोडलं हाये."

तिनं डबा उभा केला आणि बाजूला ठेवला.

"जाऊ दे," ती म्हणाली. "मोडणारीचा हात चांगला होता."

कलम ५. गोंद.

यंदा पोळ्याच्या सुमारास मला नागपूरला भरती व्हावं लागलं. शेजारच्या शकुनबाईंना मी सगळं समजावून गेले होते, आणि त्या भिंतीपलीकडून येऊन आईच्या झोपेत डबे उलगडून जात होत्या. मला भरती केल्याचं ऐकून धर्मेंद्र न बोलावता रजा टाकून धावत आला, ही त्याची बाजू आधी लिहिते. त्याला उलगडण्याचं कुणी सांगितलं नव्हतं. त्यानं पाहिलं की आई दिवसभर डबे उभे करते आणि नंतर पाहावं तर सगळे सपाट. त्याला वाटलं, पुठ्ठा हलका आहे, डबे आपोआप उघडतात, म्हणून म्हातारीला पुन्हा पुन्हा कष्ट. तो बाजारात जाऊन सफेद गोंदाचा मोठा डबा घेऊन आला. आई डबा उभा करायची, हा कानाला गोंद लावून दाबून धरायचा. मायलेक दुपारभर शेजारी शेजारी बसून काम करत होते. मग त्यानं मला दवाखान्यात फोन केला.

"ताई, माय किती खुश आहे आज! एक डबा उघडला नाही."

"काय केलंस तू?"

"पक्के करून टाकले. सारेच्या सारे."

"धर्मा, आता ती काय करेल?"

"आता काय करेल म्हणजे? आराम करेल ना!"

माझ्या नाकावर नळी होती. मला भराभर बोलता येत नव्हतं. मी "दार" एवढं म्हणाले. तो म्हणाला, "हो हो, दार दुरुस्त करून देतो." फोन ठेवून तो चहा टाकायला गेला तेवढ्यात आई उठली आणि घरी निघाली.

ती बसस्टँडवर सापडली. कंडक्टरला तिनं चिखला सांगितलं होतं, इतक्या ठामपणे की त्यानं तिला खिडकीजवळची जागा दिली होती. धर्मेंद्र बसमध्ये चढून तिचा हात धरू लागला तेव्हा ती म्हणाली, "सर, माहा मानूस पाळीवरून येईल आता. घरी कोणी नाही." त्यानं पुष्कळ समजावलं. तो शिक्षक आहे, समजावणं त्याला येतं. ती हलली नाही. शेवटी शकुनबाई मागून धापा टाकत आल्या आणि खिडकीतून ओरडल्या, "सुमनबाई, उतर वो, अजून माल आला हाये!" तेव्हा ती उतरली.

घरी माल नव्हता. धर्मेंद्रनं ब्लेड घेतलं आणि चिकटवलेले डबे सोडवायला बसला. पुठ्ठा सुटेना, फाटायला लागला. आई समोर बसून पाहत होती.

"कायले फाडून राहिले, सर? चांगला माल होता."

हे त्यानंच मला सांगितलं, दवाखान्याच्या व्हरांड्यात, भिंतीकडे तोंड करून. माझा भाऊ वाईट नाही. वाईट असता तर हे मृत्युपत्र एका पानात झालं असतं.

कलम ६. करून पाहिलेले उपाय.

धर्मेंद्रनं तुमसरला बदलून येणं. भंडाऱ्यातून गोंदिया जिल्हा वेगळा झाला तेव्हा मी कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला होते आणि आम्हाला त्यावर निबंध होता. मी फायद्यांच्या बाजूनं लिहिला होता, बक्षीसही मिळालं होतं. पुढं धर्मेंद्रला नोकरी आमगावला लागली, म्हणजे गोंदिया जिल्ह्यात. आता तिथून इथं यायचं तर आंतरजिल्हा बदली लागते. तो दरवर्षी अर्ज करतो. दरवर्षी पुढच्या वर्षी करा असं सांगतात.

आईला आमगावला नेऊनही पाहिलं. तिथं तिला मोरी सापडेना, बाहेरचं दार मात्र पहिल्याच दिवशी सापडलं.

वृद्धाश्रम पाहिला. तिथल्या बाई खरोखर प्रेमळ होत्या. "दिवसभर डबेच करायचे का त्यांनी? आमच्याकडं भजन असतं, योगा असतो." मी विचारलं, "पण डबे उलगडायला कुणी आहे का?" त्या माझ्याकडं अशा पाहू लागल्या की आईला सोडून मलाच ठेवून घेतील असं वाटलं.

शकुनबाई. त्या मला म्हणाल्या होत्या, "तू मरणाच्या गोष्टी कायले काढतं वो, माह्यासमोर राहील तुही माय." पण त्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे, आणि धान चुरून, म्हणजे मळून, झालं की मुलगा त्यांना बालाघाटला नेणार आहे. परवा त्याच येऊन बसल्या आणि म्हणाल्या, "माहंच मले माहीत नाही कोठं राहीन. मी कोणाच्या भरवशावर हो म्हणू?" मी त्यांना चहा दिला. आम्ही दोघींनी मिळून आईचे डबे उलगडले.

मग मी वकीलसाहेबांना विचारलं. ते म्हणाले, "घर देता येतं, ताई. आई देता येत नाही. तुम्ही अट घाला, सांभाळलं तर घर, नाही तर नाही."

"आणि त्यानं अगदी मनापासून सांभाळलं, पण पुन्हा असंच काही चांगलं केलं तर?"

ते हसले. मग त्यांनी चष्मा काढून पुसला. "त्याला कायद्यात कलम नाही," म्हणाले.

कलम ७. घर.

दुसरा मार्ग दिसत नसल्यामुळे तुमसरचं घर, अंगण आणि विहिरीसह, माझ्या मृत्यूनंतर धर्मेंद्र इश्वर गणवीर यास मिळावं. आई सुमनबाई हिला ती हयात असेपर्यंत या घरात राहण्याचा पूर्ण हक्क राहील, आणि तोवर घर विकता वा गहाण टाकता येणार नाही. एवढं कायद्यानं पाळलं जाईल असं वकील म्हणतात. सांभाळण्याची अट मी लिहिली, खोडली, पुन्हा लिहिली आणि खोडली. जे तो अटीशिवाय करेल ते अटीपोटी केलं असं त्याला आयुष्यभर वाटू नये. आणि जे त्याला जमणार नाही ते अटीनंही जमणार नाही.

पोस्टातली माझी ठेव आईच्या औषधपाण्यासाठी.

कलम ८. डाय.

डबे पंच करण्याचा माझा स्वतःचा डाय, म्हणजे प्लायवूडमध्ये पोलादी पाती बसवलेली पाटी, सध्या मनिषच्या छापखान्यात आहे. तो मनिषलाच द्यावा. आई ज्या डब्यांवर शांत असते ते याच डायचे आहेत. दुसऱ्या मापाचे मी आणून पाहिले, तिचा अंगठा रेषेच्या पुढं जाऊन थांबतो आणि ती घाबरते. घडीवर मोडून मोडून पुठ्ठा शेवटी फाटतो, त्यामुळे अधूनमधून नवे लागतात. मनिषला मी हे सांगितलं तेव्हा तो यंत्र थांबवून म्हणाला, "ताई, कतरनीतून जे मोठे तुकडे निघते ना, ते आजीचे म्हणून मी आधीपासून वेगळेच काढून ठेवून राहिलो." मला हे माहीत नव्हतं. त्याचा छापखाना चालू राहील तोवर चालू राहील. पुढचं मी त्याच्याकडून लिहून घेऊ शकत नाही.

कलम ९. अवजारं, आणि दामिनीचं रुखवत.

कात्र्या, कटर, गरम गोंदाची बंदूक, लेसचे डबे, कोषांची पिशवी आणि बाबांचे काळे दगड दामिनीला द्यावेत.

तिच्या लग्नात तिच्या माहेराहून आलेल्या रुखवतावर 'दामिनी हिने स्वहस्ते केलेले' अशी पाटी होती आणि झोपाळ्याच्या तळाला नागपूरच्या दुकानाचं स्टिकर. मी या धंद्यातली, माझी नजर आधी तळाकडंच जाते. नवरदेवाची बहीण म्हणून मंडपात उभी होते. मी ते स्टिकर नखानं खरवडून काढलं आणि मुठीत ठेवलं. कुणाला बोलले नाही, पण मनात ठेवलं. तिच्या प्रत्येक बोलण्याच्या तळाला मी इतकी वर्षं स्टिकर शोधत आले, हे तिच्यावर अन्याय करणारं होतं.

आजारपणात ती आली तेव्हा भाजी निवडता निवडता तिनंच विषय काढला.

"ताई, तुम्हाले माहीत होतं ना?"

"काय?"

"स्टिकर."

"कोणतं स्टिकर?"

ती एवढी हसली की आई आतून ओरडली, "कामाच्या वेळी हसून कोण राहिलं?"

मग दामिनी म्हणाली, "मी येतो ताई इथं राहाले. काही महिने तरी. पुढचं पुढं पाहू." काही महिने तरी. हे शब्द मी तिच्या तोंडातून आले तसेच लिहिले आहेत. ते वाढवण्याचा मला अधिकार नाही. माझ्याकडं आईसाठी जे काही आहे ते सध्या एवढंच आहे.

कलम १०. आईजवळ जो कुणी असेल त्यानं करायच्या गोष्टी.

डबा उलगडताना आधी खाचेतला कान बाहेर काढावा, मग बाजू सोडाव्यात. उलट केलं तर कोपरा फाटतो. तिच्या डोळ्यांसमोर उलगडू नये. फाटलेला डबा काढून टाकावा आणि नवा थप्पीच्या मध्ये घालावा, वर ठेवू नये, कारण नवा पुठ्ठा कडक लागतो आणि ती चौकशी करते. "झालं का?" असं तिला विचारू नये. "किती छान, सगळे संपवले" असं तर मुळीच म्हणू नये. तिनं मजुरी मागितली तर गुळाचा खडा द्यावा, ती तो पदराला बांधते, नंतर सोडून घ्यावा नाहीतर मुंग्या येतात. ती रागावली तर कामात मालकिणीला मजूर जसं बोलतो तसं बोलते, मनावर घेऊ नये. मी घेतलं होतं.

डब्यांना गोंद लावू नये. धर्मा, हे तुझ्यासाठी नाही. तुला आता माहीत आहे. तुझ्यासारखा दुसरा कुणी चांगला माणूस येईल, त्याच्यासाठी आहे.

कलम ११. माझा देह आणि वह्या.

डोळे दान करावेत. रक्ताचं दान माझ्याकडून कधी झालं नाही. आयुष्यभर अनोळखी माणसांचं रक्त घेतलं, त्यांची नावं मला ठाऊक नाहीत, त्यांचे आभार इथं मानते. अंत्यविधी आपल्या पद्धतीनं, त्रिशरण-पंचशील घेऊन, साधा करावा. जलदान विधीच्या दिवशी घरात गर्दी असेल. त्या दिवशीही आईसमोर थप्पी ठेवावी. जमलेल्या बायकांपैकी कुणी कौतुकानं तिच्या मदतीला बसेल, तिला बसू द्यावं, पण थप्पी मोठी ठेवावी.

माझ्या रोजनिशीच्या वह्या भिजवून लगदा करावा. त्यांत दुखणं आणि प्रश्न आहेत, वाचण्यासारखं काही नाही. कागद मात्र चांगला आहे.

कलम १२. आईनं विचारलं तर.

बाबा गेल्यावर ती रोज विचारायची, "मानूस आला नाही का पाळीवरून?" खोटं बोलायचं नाही म्हणून मी रोज खरं सांगायचे, आणि ती ते रोज पहिल्यांदाच ऐकायची. तिचं रडणं भिंतीपलीकडं जायचं. एक दिवस शकुनबाई येऊन मला म्हणाल्या, "तू तिचा नवरा रोज मारून राहिली वो." तेव्हापासून मी "येतील" म्हणते.

मी गेल्यावर ती माझ्याबद्दल विचारेल की नाही, मला माहीत नाही. विचारू नये असं वाटतं, आणि विचारणारच नाही या कल्पनेनं हात थांबतो. मुलगी कुठं आहे असं ती विचारणार नाही. तिच्या हिशेबानं तिची भावना अजून शाळेत आहे आणि संध्याकाळी यायची आहे. त्या मुलीबद्दल कुणी काही सांगू नये. तिला येऊ द्यावं.

पण बाई कुठं गेली, असं ती विचारू शकेल. याचं उत्तर मला सुचलं नाही, म्हणून ही जागा रिकामी ठेवली होती. वकील म्हणाले, मृत्युपत्रात रिकामी जागा चालत नाही, मागून कुणीही काहीही भरू शकतं. तेव्हा लिहिते. बाई माल आणायला गेली आहे, असं सांगावं.

या लेखाच्या अंमलबजावणीसाठी मी धर्मेंद्र यास नेमते. हे माझं पहिलं आणि, वेळ पाहता, शेवटचं मृत्युपत्र. लिहिलं ते मी स्वतः, वाचलं ते मी स्वतः, आणि यात जे नाही ते माझ्या हातात नव्हतं.

ठिकाण : तुमसर, जि. भंडारा
दिनांक : २१ नोव्हेंबर २०२३

(सही) भावना इश्वर गणवीर

भावनाताईंनी आमच्या डोळ्यांदेखत, पूर्ण शुद्धीवर असताना वर सही केली, आणि त्यांच्यासमोर आम्ही दोघांनी केली. आम्हा दोघांनाही या मृत्युपत्रानं काही मिळायचं नाही.

साक्षीदार १ : (सही) भय्याजी रामटेके, निवृत्त लिपिक, तुमसर
साक्षीदार २ : (सही) ललिताबाई बोरकर, परिचारिका, तुमसर

टीप, वकीलसाहेबांच्या सूचनेवरून : या दस्ताचं चौथं पान चारही बाजूंनी मोडलेलं आहे आणि कोपऱ्यांवर घड्या आहेत. साक्षीदार सह्या करत असताना ते पान माझी आई सुमनबाई हिच्या हाती गेलं. थोडा वेळ प्रयत्न करून तिनं ते मला परत दिलं आणि म्हणाली, "कागद पातळ आहे वो, बाई. उभा राहत नाही." घड्या मी हातानं उलगडल्या. मजकुरात फरक पडलेला नाही.

(सही) भा. इ. गणवीर